सातबारावरचे नाव आणि म्हातारपणाची भाकर



मागच्या खेपेला आम्ही महागाव तालुक्यात गावोगाव बैठका घेत फिरलो. विषय कापसाच्या भावाचा होता. त्यावर बोललो, भांडलो, हिशेब मांडले. पण बैठक मोडली की दर गावी एक-दोन म्हातारी माणसे मागे थांबत आणि लोक पांगले की जवळ येत. एका गावी एका आजोबांनी कापडी पिशवीतून कागदांची गुंडाळी काढली. पाच एकर कोरडवाहू वावर. चार वर्षांपूर्वी त्यांनी ते दोन्ही मुलांच्या नावावर करून दिले. का केले, असे विचारले तर म्हणाले, "निराधारचा पगार सुरू होईल म्हणून. नावावर वावर असलं तर भेटत नाही म्हणे."

पगार सुरू झाला नाही. उत्पन्नाचा दाखला कुटुंबाचा लागतो आणि कुटुंबात आता दोन जमीनधारक मुले आली. म्हणजे वावर गेले ते गेले आणि पगारही नाही. मुले वाईट नाहीत, दोन वेळचे ताट खाटेपाशी येते. पण चष्म्याला, गोळ्यांना, लेकीच्या घरी जायला पैसे मागावे लागतात. ज्या माणसाने चाळीस वर्षे घरातल्या प्रत्येकाच्या हातावर पैसे ठेवले, त्याला आता हात पुढे करावा लागतो. तक्रार त्यांनी केली नाही. एवढेच विचारले, "वावर परत माह्या नावावर येते का?"

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. चळवळीत इतकी वर्षे काढून, भावाचे आकडे तोंडपाठ असून, आपल्याच बापाच्या प्रश्नाला उत्तर नाही याची लाज वाटली. म्हणून कायदे चाळले, वकिलांना विचारले, तहसीलच्या खिडकीवर उभे राहून आलो. जे कळले ते आधी सांगतो, मग आमचे म्हणणे.

मुळात 'निराधार' हा शब्द पाहा. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण अशांसाठी ती आहे. ६५ वर्षांवरच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ पासून दोन्हींत महिना १५०० रुपये मिळतात. पात्रतेसाठी कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, दिव्यांगांना ही मर्यादा ५०,००० आहे. आता हिशेब करू. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर ३१२ रुपये रोज ठरला. त्या दराने घरातला एक माणूस ६८ दिवस कामावर गेला की २१,००० ओलांडले. म्हणजे एकीकडे कायदा शंभर दिवसांच्या कामाची हमी देत होता आणि दुसरीकडे तेवढे काम घेतलेल्या घरातला म्हातारा आपोआप अपात्र ठरत होता! ही मर्यादा पाळून तालुक्यात प्रामाणिकपणे दाखले दिले तर कोणीच पात्र ठरणार नाही. म्हणून सगळ्यांना खोटे बोलावे लागते. म्हातारा खोटे बोलतो, दाखला देणारा डोळे मिटतो आणि मंजुरी तालुक्याच्या समितीत होते. त्या समितीवर पालकमंत्र्यांच्या मर्जीतली माणसे बसतात. खोट्या दाखल्यावर जगणारा माणूस पुढाऱ्यासमोर ताठ उभा राहू शकत नाही. ही मर्यादा इतकी खाली का ठेवली असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

वर्षाचे १८,००० रुपये म्हणजे २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या हमीभावाने, ८११० ने, सव्वादोन क्विंटल कापूस. दिल्लीचा वाटा तर विचारूच नका. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांसाठी केंद्र सरकार ७९ वर्षांपर्यंत महिना २०० रुपये देते. हा आकडा २००७ पासून हललेला नाही. त्या साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०३० रुपये होता, म्हणजे २०० रुपये हे जवळपास दहा किलो कापसाचे मोल होते. आज ते अडीच किलोचे आहे. आणि कापसाचा भाव काही फार वाढला, असे तुमच्यापैकी कोणी म्हणणार नाही.

आता आमच्यातलेच काही जुने कार्यकर्ते म्हणतील, आपली घोषणा काय होती? भीक नको, हवे घामाचे दाम. मग पेन्शनच्या रांगेत आपण का उभे राहायचे? हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. आमचे उत्तर असे की, ही भीक नाही, थकबाकी आहे. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्यात कापूस दुसरीकडे विकायला बंदी होती आणि चुकाऱ्यातून शेकडा तीन रुपये भांडवल निधीच्या नावाने कापले जात. सीमेपलीकडे भाव जास्त असला तरी कापूस नेता येत नव्हता, नेला तर गुन्हा. आज जे सत्तरी-ऐंशीत आहेत त्यांनीच तो कापूस पिकवला आणि रात्र-रात्र बंडीखाली झोपून मोजून दिला. त्यांनी म्हातारपणाचा हप्ता भरला नाही असे कोण म्हणतो? फक्त पावती त्यांच्या नावाने फाडली गेली नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. त्यांच्यावर आमचा राग नाही. म्हातारपणी पगाराची हमी हवी, हे त्यांना कळते. मग तेच तिफण हाकणाऱ्याला का लागू नये?

२०१९ मध्ये केंद्राने शेतकऱ्यांसाठी पेन्शन योजना काढली, प्रधानमंत्री किसान मानधन. दोन हेक्टरपर्यंतचा, १८ ते ४० वयाचा शेतकरी दरमहा हप्ता भरेल, तेवढाच सरकार भरेल आणि साठीनंतर महिना ३००० रुपये मिळतील. म्हणजे पहिला पगार २०३९ सालच्या आसपास, आणि तोही तेव्हाच्या ३००० रुपयांचा. ज्यांची साठी आधीच उलटली, त्यांच्यासाठी त्यात ओळसुद्धा नाही.

आपला तालुका साऱ्या देशाला माहीत झाला तो चिलगव्हाणमुळे. चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार लेकरांसह जीवन संपवले. दर वर्षी त्या दिवशी लोक अन्नत्याग करतात, आम्हीही करतो. जे गेले त्यांची निदान सरकारदप्तरी मोजणी होते. पण जे गेले नाहीत, कर्ज आणि नापिकी अंगावर घेऊन म्हातारे झाले, ते कुठल्याच यादीत नाहीत. कर्त्या पोराच्या मागे सत्तरीतल्या बापाने पुन्हा डवऱ्याचे रुमणे धरलेले आम्ही पाहिले आहे.

आता कायद्याचे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ हा महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू आहे. ज्याला स्वतःच्या मिळकतीवर जगता येत नाही अशी आई किंवा बाप मुलामुलींकडून महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहाची रक्कम मागू शकतो. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाइकाला त्याची मालमत्ता मिळणार आहे, त्याच्याकडे मागता येते. अर्ज साध्या कागदावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा, महागावसाठी ते उमरखेडला बसतात. वकील लागत नाही. म्हाताऱ्याला जाणे जमत नसेल तर त्याने सांगितलेला माणूस किंवा संस्था अर्ज करू शकते. नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल लावायचा असा दंडक आहे. तो किती पाळला जातो हे तुम्ही आम्हाला सांगा, आम्ही कायद्यात काय आहे ते सांगतो.

आजोबांच्या प्रश्नाशी संबंध आहे तो याच कायद्याच्या कलम २३ चा. म्हाताऱ्या माणसाने 'मला सांभाळशील' या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवता येतो. मेख आहे ती अटीत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले की अशी अट होती हे दाखवावे लागेल. नुसते 'पोरगा पाहत नाही' म्हणून भागत नाही. नंतर २ जानेवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने निकाल दिला. हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावा, असे म्हटले. पण तिच्यापाशीही मुलाने बक्षीसपत्राच्या दिवशीच लिहून दिलेले वचनपत्र होते. कागद होता म्हणून निभावले.

म्हणून आमचा पहिला सल्ला हा की, जिवंतपणी सातबारावरचे नाव काढू नका. पोरांना हक्क द्यायचाच आहे तर मृत्युपत्र करा. ते साध्या कागदावर होते, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. ज्याला वाटा जाणार त्याला साक्षीदार करू नये. मृत्युपत्र कितीदाही बदलता येते आणि डोळे मिटेपर्यंत वावर आपलेच राहते. बक्षीसपत्राचे, हक्कसोडीचे तसे नाही, अंगठा टेकला की संपले. वडिलोपार्जित जमिनीत आपल्या वाट्यापुरतेच मृत्युपत्र करता येते, आणि त्यात लेकींचाही हक्क आहे. महाराष्ट्रात तो १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे, हे विसरून वाटणी करू नका.

आणि कर्जासाठी म्हणा, वाटणीसाठी म्हणा, नाव काढावेच लागले तर दस्तात एक वाक्य लिहून घ्या: 'लिहून देणार यांच्या हयातीपर्यंत अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी व देखभाल करण्याच्या अटीवर ही जमीन दिली आहे.' दस्तलेखक म्हणेल, याची काय गरज, घरचाच मामला आहे. त्याला म्हणावे, घरचा आहे म्हणूनच लिही. त्या एका ओळीला तुमचा सगळा जन्म टांगलेला आहे. एखादा एकर हयातीपर्यंतच्या वहिवाटीसाठी राखून ठेवला तर आणखी चांगले.

ज्यांचे आधीच लिहून झाले आणि अट घातली नाही, त्या आजोबांसारख्यांचे काय? वावर परत येणे कठीण आहे, खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. निर्वाहाचा अर्ज मात्र आजही करता येतो. हे त्यांना जाऊन सांगितले तर त्यांनी मान हलवली. "पोरांवर केस कशी करू? मेल्यावर पाणी तेच पाजतील ना." यावर कायद्याच्या पुस्तकात उत्तर नाही. पण कायद्यात समेटाचीही सोय आहे, आणि त्याच्याही आधी गावात चार माणसे बसू शकतात. पोरे आपल्याच बैठकीला येणारी, बिल्ला लावणारी आहेत. सरकारने आमच्या मालाचा भाव ठरवू नये म्हणून ती गळा ताणतात आणि घरात बापाच्या तंबाखूचा भाव ठरवतात! त्यांना हे आम्ही सांगणार नाही तर कोण सांगणार? आम्हीही कोणाची तरी पोरे आहोत, आणि आमच्यातल्या काहींनी बापाचा अंगठा घेतलेला आहे. ते लपवून हा लेख लिहिता येणार नाही.

बायकांचे याहून वाईट. धनी गेला की तेराव्याच्या आत वारसनोंदीची धांदल सुरू होते, आणि म्हातारीला म्हणतात, "आई, तू कशाला हेलपाटे घालते, अंगठा दे." १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावेच्या गावे घरधनिणीच्या नावे जमीन करायला पुढे आली होती. त्या वेळी ज्या बायांच्या नावावर एकर-दोन एकर झाले, त्यांची आजची अवस्था आणि शेजारणीची अवस्था ताडून पाहा. सुनेचा आवाज सासूपुढे कशाने खाली येतो ते कळेल.

दिव्यांगांकडे वळतो, कारण कापसाच्या पट्ट्यात माणूस जन्मतःच दिव्यांग असतो असे नाही. मळणी यंत्रात हात जातो, विहिरीत पडून कंबर मोडते. २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून जास्त माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत १० ते ७५ वयाच्या खातेदार शेतकऱ्याच्या मृत्यूला किंवा दोन डोळे, दोन हातपाय गेले तर दोन लाख, एक गेला तर एक लाख रुपये मिळतात. विषबाधा आणि सर्पदंशही त्यात बसतात. पण अर्ज तालुका कृषी कार्यालयात ३० दिवसांच्या आत गेला पाहिजे, आणि दुखवट्यात हे तीस दिवस कसे जातात ते कळत नाही. खातेदाराखेरीज घरातला आणखी एकच माणूस यात येतो. रोजाने फवारायला आलेला भूमिहीन मजूर येतच नाही, आणि २०१७ साली बाधितांत रोजाने फवारणारे बरेच होते. आपल्या पऱ्हाटीवर फवारताना जो पडला तो आपल्या योजनेत नाही, ही गोष्ट आम्हाला तरी गिळता येत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लिहिले आहे की दिव्यांगांची मदत इतरांच्या तशाच मदतीपेक्षा निदान २५ टक्के जास्त असली पाहिजे. कायदा एप्रिल २०१७ पासून लागू, तरी महाराष्ट्रात कितीतरी वर्षे दिव्यांगाला आणि इतरांना सारखीच रक्कम मिळत राहिली. जून २०२५ मध्ये बच्चू कडूंनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केले, जुलैत पापळ ते चिलगव्हाण पदयात्रा आपल्याच तालुक्यात येऊन थांबली. कर्जमुक्तीबरोबर दिव्यांगांच्या मानधनाची मागणी तीत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही रक्कम १५०० वरून २५०० केली. मधल्या वर्षांचा फरक कोण देणार, हे कोणी विचारले नाही. आम्ही विचारतो.

ज्यांच्या घरी मतिमंद, सेरेब्रल पाल्सीचे किंवा स्वमग्न मूल आहे, त्यांची रात्रीची झोप एकाच विचाराने जाते, आपल्यामागे याचे काय. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे अशा मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालक नेमून घेता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. आपण हयात असतानाच हे करावे आणि पालक कोण हे आपण सुचवावे. याच न्यासाच्या निरामय विम्यात एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो, भरती न होता घेतलेले उपचारही त्यात धरतात. आणि वाटणी करताना 'हा काय वावर कसणार' म्हणून त्याचा वाटा भावांत घालू नका. ज्याला कसता येत नाही त्यालाच मक्त्याच्या पैशाची जास्त गरज आहे. या सगळ्याला आधी स्वावलंबन कार्ड लागते. त्यासाठी यवतमाळची फेरी चुकत नाही.

दवाखान्याचे थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून सर्व शिधापत्रिकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मानचे वेगळे पाच लाखांचे कार्ड मिळते. घरात सत्तरीचे माणूस असेल आणि हे कार्ड नसेल तर चूक आपली. दवाखान्यात आधी आरोग्यमित्राला गाठायचे. योजनेत असून पैसे मागितले तर १५५३८८ वर किंवा आयुष्मानच्या १४५५५ वर तक्रार करायची. पण हे कवच भरती झाल्यावरचे आहे. म्हाताऱ्याला खाते ते रोजच्या गोळीचे, आणि पुसद-नांदेडच्या फेरीत बुडणाऱ्या रोजाचे. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, सोबत जाणाऱ्याची वेचणी फुकट नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोफत मिळाल्या पाहिजेत. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे नाहीत. 'साठा संपला' असे उत्तर मिळाले तर तारखेसह लिहून ठेवा. आमच्याकडे अशा चिठ्ठ्या जमल्या की त्या घेऊन जायला आम्ही समर्थ आहोत.

जिल्ह्याच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. उत्पन्नाची २१,००० ची अट रद्द करावी आणि साठीवरच्या प्रत्येक कोरडवाहू शेतकऱ्याला व शेतमजुराला, नावावर जमीन असो की नसो, पेन्शन द्यावी. ती कापसाच्या हमीभावाला बांधावी, भाव वाढला की तीही वाढेल. आणि अपघात योजनेत शेतमजूर घ्यावा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्यासाठी मुंबईला जायला नको, येत्या ग्रामसभेत सरपंचाला हिशेब विचारा.

महागावच्या बैठकीला येताना सातबारा, आठ-अ, शिधापत्रिका आणि आधार यांच्या झेरॉक्स आणाव्यात. मृत्युपत्राचा मजकूर लिहून द्यायला आमच्यातले दोन वकील दिवसभर बसतील, पैसे पडणार नाहीत. ज्यांचा अंगठा मशीनवर उमटत नाही त्यांची नावे वेगळ्या वहीत घेऊ. कापूस वेचून बोटांच्या रेषा गेल्या म्हणून बँकेतून परत पाठवलेली माणसे आम्हाला मोजायची आहेत. पोरांनी म्हाताऱ्यांना गाडीवर बसवून आणावे, आणि ती वकिलाशी बोलत असताना जरा लांब जाऊन उभे राहावे.